पंख्याची पाती मोजून विमान ओळखत नाहीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत समुद्राच्या तळाशी सापडलेल्या दुसऱ्या महायुद्धातल्या विमानावर तुम्ही अर्धं पान छापलंत. फोटो झकास आहे, पण वर ठळक अक्षरात "जपानी बॉम्बरच!" असं जे ठोकून दिलंय त्याला आधार काय, तर म्हणे पंख्याला तीन पाती आहेत आणि इंजिन गोल आहे. मी मेन्टेनन्सवाला माणूस, सगळी नोकरी सांताक्रूझला हँगरमध्ये विमानाच्या खाली नाहीतर विमानाच्या पोटात शिरून काढली. लढाऊ विमानांशी माझा थेट संबंध नाही आला, पण पत्रा, रिव्हेट आणि नंबर यांच्याशी आयुष्यभर आला, म्हणून राहवलं नाही. पत्र लांबलंय, कापायचं तर कापा, पण कोळी बांधवांबद्दल शेवटी लिहिलंय तेवढं ठेवा.

आधी तीन पात्यांचं. त्या काळात तीन पात्यांचा पंखा कोणाला नव्हता ते विचारा! अमेरिकन चार इंजिनांच्या लिबरेटर बॉम्बरला तीन, पाण्यावर उतरणाऱ्या कॅटलिनाला तीन, मालवाहू डाकोटाला तीन, जपान्यांच्या झिरो या लढाऊ विमानाला तीन आणि त्यांचा बेट्टी म्हणून जो दोन इंजिनांचा बॉम्बर होता त्याच्या पहिल्या मॉडेललाही तीनच. गोल इंजिन म्हणजे रेडियल, सिलिंडर गोलाकार मांडलेलं, त्याचीही तीच गत. अमेरिकेच्या प्रॅट अँड व्हिटनीचं ट्विन वास्प, म्हणजे आर-1830, 14 सिलिंडरचं, 7 पुढे 7 मागे. झिरोचं नाकाजिमा साकाए, तेही 14 सिलिंडर, दोन रांगा. बेट्टीचं मित्सुबिशी कासेई, परत 14. त्यात पंख्याचीच गंमत बघा, हॅमिल्टन स्टँडर्ड ही अमेरिकन कंपनी, पण तिचं डिझाइन लायसन्स घेऊन इंग्लंडात डी हॅविलँड बनवत होती आणि जपानात सुमितोमो बनवत होती, म्हणजे एकमेकांवर बॉम्ब टाकणाऱ्या दोन देशांच्या विमानांच्या नाकावर एकाच घराण्यातला पंखा फिरत होता. आता शेवाळ आणि शिंपले चढलेल्या फोटोत नुसती पाती मोजून तुम्ही देश कसा ठरवणार?

आमच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये एक ट्विन वास्प मधोमध कापून स्टँडवर ठेवलेलं होतं. पिस्टन, व्हॉल्व्ह, मागचा ब्लोअर सगळं उघडं दिसायचं, कापलेल्या कडा लाल रंगवलेल्या, आणि आम्ही पोरं हँडल मारून ते फिरवत बसायचो. आमचे इन्स्ट्रक्टर विचारायचे, हे इंजिन कुठल्या विमानाचं, आणि कोणी "डाकोटा" म्हटलं की लगेच खाली बसवायचे. कारण तेच इंजिन लिबरेटरला, तेच कॅटलिनाला, अमेरिकन नौदलाच्या वाइल्डकॅटला तेच आणि ब्रिटिशांच्या सुंदरलँड विमानाच्या शेवटच्या मॉडेललाही तेच. इंजिनाने फक्त यादी छोटी होते. मग आजूबाजूला बघायचं, इंजिनाला टर्बोसुपरचार्जर, म्हणजे जादा हवा दाबून भरणारा पंप, जोडलेला दिसतोय का, दिसला तर डाकोटा आणि कॅटलिना बाद, लिबरेटरकडे वळायचं. चाकांचा सांगाडा कसा घडी होतो, गन कुठे बसवल्यात, पंखातला मुख्य स्पार, म्हणजे पंखाचा कणा, कसा आहे, असं एकेक खोडत जायचं काम आहे हे.

बरं, समुद्र तुमच्यासाठी विमान शाबूत ठेवत नाही. शेपटीकडच्या रडरवर वगैरे तेव्हा बऱ्याच विमानांना कापड ताणलेलं असायचं, ते पहिलं जातं. मॅग्नेशियमची कास्टिंगं खाऱ्या पाण्यात विरघळूनच जातात. ॲल्युमिनियम जिथे पोलादाला चिकटून बसलंय तिथे खारं पाणी मिळालं की बॅटरी तयार झाल्यासारखं होतं आणि ॲल्युमिनियम खाल्लं जातं. मॉस्किटोसारखं लाकडी विमान असेल तर इंजिनं, चाकांचे पाय आणि गन एवढंच हाती लागणार. त्यामुळे तळाशी जे दिसतं तो आकार पुस्तकातल्या चित्राशी जुळेलच असं नाही, कित्येकदा विमान उलटं पडलेलं असतं, शेपूट तुटून भलतीकडेच. उलट गाळात रुतलेला भाग चांगला राहतो, तिथे कधी कधी रंगसुद्धा टिकतो, आणि कामाचा नंबरही बऱ्याचदा तिथेच मिळतो.

नंबर हीच खरी गोष्ट आहे आणि तुमच्या अर्ध्या पानात तोच शब्द कुठे नाही. विमानातला जवळजवळ प्रत्येक तुकडा नंबर घेऊन जन्माला येतो. कन्सॉलिडेटेड कंपनीच्या हिशोबात कॅटलिना म्हणजे मॉडेल 28 आणि लिबरेटर म्हणजे मॉडेल 32, त्यामुळे त्यांच्या पार्ट नंबरांची सुरुवात 28 ने नाहीतर 32 ने होते. हाताच्या पंजाएवढा ब्रॅकेट मिळाला आणि त्यावर पुसट का होईना 32 वाचता आलं तर तुम्हाला चार इंजिनांच्या विमानाचा पत्ता लागला! स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या तुकड्यांवर कॅसल ब्रॉमविच कारखान्याचा सीबीएएफ असा इन्स्पेक्शनचा शिक्का मिळतो. आमच्याकडेही इन्स्पेक्टरचा रबरी शिक्का असायचाच, तो बसल्याशिवाय पार्ट स्टोअरमधून हलायचा नाही, आम्ही वैतागायचो, पण बघा, 80 वर्षांनी पाण्याखाली तोच उपयोगी पडतो.

यातही एक फरक आहे तो लोकांच्या लक्षात येत नाही. पार्ट नंबरने विमानाचा प्रकार कळतो, पण शेकड्यांनी बुडालेल्यांपैकी नेमकं कोणतं ते कळत नाही. त्याला सिरियल नंबर लागतो, कॉकपिटमधली किंवा इंजिनावरची डेटा प्लेट लागते. ही प्लेट म्हणजे काही मोठं नसतं हो, काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी पत्र्याची पट्टी, चार कोपऱ्यांत चार छोटे रिव्हेट, त्यावर ठोकून उमटवलेले आकडे. गंजात 3 आणि 8 सारखे दिसतात, 1 आणि 7 सारखे दिसतात. वायर ब्रशने घासायची नाही, घासलं की आकडाच जातो. टॉर्च समोरून न मारता बाजूने, अगदी आडवा धरायचा म्हणजे खाचेत सावली पडते आणि आकडा उठून येतो. आम्ही हँगरमध्ये असंच वाचायचो, पाण्याखाली डायव्हरही तेच करतो, फक्त त्याच्याकडे हवा कमी असते.

आणि नंबर मिळाला म्हणजेही संपलं नाही. आपल्या जुन्या पद्मिनी टॅक्सीत कसं असायचं, चॅसी एकीकडची आणि इंजिन दोनदा बदललेलं, तसंच युद्धातल्या विमानांचं होतं, इंजिनं सारखी बदलली जायची. म्हणून इंजिनाचा नंबर कारखान्याच्या यादीशी जुळवून भागत नाही, विमान शेवटचं उडालं त्या दिवशी त्यावर कोणतं इंजिन होतं तो कागद लागतो. अमेरिकन लोकांनी 1943 पासून बेपत्ता विमानांचे रिपोर्ट करायला घेतले, मिसिंग एअर क्रू रिपोर्ट म्हणतात त्याला, त्यात माणसांच्या नावांबरोबर इंजिनांचे नंबर आणि मशीनगनचेसुद्धा नंबर लिहायचे. म्हणजे तळाशी नुसती एक ब्राउनिंग गन मिळाली आणि तिचा नंबर वाचता आला तरी विमान सापडू शकतं. ब्रिटिशांची प्रत्येक विमानाची फॉर्म 78 नावाची हालचालीची कार्डं आहेत, स्क्वॉड्रनच्या रोजच्या नोंदवह्या लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये आहेत. कंटाळवाणं काम आहे, पण ओळख पटते ती अशीच.

आता एक किस्सा सांगतो जो आपल्या कोळीवाड्यांत प्रत्येकाला माहीत असायला हवा. फ्रेंच लेखक आणि वैमानिक आन्त्वान द सांत-एक्झ्युपेरी 31 जुलै 1944 ला कॉर्सिका बेटावरून टेहळणीसाठी एकटा उडाला, विमान होतं लाइटनिंग या अमेरिकन लढाऊ विमानाचं फोटो काढणारं मॉडेल, आणि परत आलाच नाही. फ्रान्सभर अंदाज, कोणी म्हणे आल्प्सच्या डोंगरात पडला, कोणी म्हणे समुद्रात दुसऱ्याच टोकाला. 54 वर्षं गेली. सप्टेंबर 1998 मध्ये मार्सेयजवळ रियू बेटापाशी एका मच्छिमाराच्या जाळ्यात चांदीचं ब्रेसलेट आलं, त्यावर लेखकाचं नाव, बायकोचं नाव कॉन्सुएलो आणि न्यूयॉर्कच्या प्रकाशकाचा पत्ता कोरलेला. आता तुम्हाला वाटेल त्या मच्छिमाराचा सत्कार झाला असेल. छे! लोक म्हणाले हा बनाव आहे, ब्रेसलेट यानेच कोरून घेतलं असणार, कारण ते सापडलं ती जागा पंडितांच्या नकाशात बसत नव्हती. बिचारा खरं बोलत होता तरी त्याच्याकडेच संशयाने बघितलं गेलं.

मग त्याच भागात डुबकी मारणाऱ्या एका स्थानिक डायव्हरने तळावर पसरलेल्या लाइटनिंगच्या तुकड्यांचा विषय 2000 साली पुढे आणला. तरी लगेच काही सिद्ध नाही झालं, कारण त्या किनाऱ्यावर लाइटनिंग एकच पडलं होतं असं थोडंच आहे, आणि त्याच ढिगाजवळ एका जर्मन मेसरश्मिटचं डेमलर-बेंझ इंजिनही निघालं, म्हणजे दोन वेगळ्या दिवशी पडलेली दोन शत्रूंची विमानं एकाच जागी! 2003 मध्ये सरकारी परवानगीने तुकडे वर काढले, आणि साफ करताना एका तुकड्यावर हाताने ठोकलेला नंबर दिसला, 2734, पुढे एल. तो होता लॉकहीड कारखान्याचा नंबर. कागद काढले तर 2734 म्हणजे सैन्याचा सिरियल 42-68223, आणि तेच विमान त्या दिवशी लेखकाने नेलेलं. एप्रिल 2004 मध्ये जाहीर झालं, आणि मच्छिमाराचं बोलणं खरं होतं हे सहा वर्षांनी सगळ्यांना मान्य करावं लागलं. विमान का पडलं हे मात्र त्या तुकड्यांवरून नाही कळलं, गोळ्यांच्या खुणा मिळाल्या नाहीत. नंबर फक्त "कोण" ते सांगतो, "का" ते नाही, हेही पेपरवाल्यांनी लिहून ठेवा.

आता सोनारचं, म्हणजे आवाजाच्या लहरी सोडून तळाचं चित्र काढणाऱ्या यंत्राचं. हल्ली कोणीही सोनारचा पिवळा-तपकिरी फोटो दाखवतो आणि बातमी होते. जानेवारी 2024 मध्ये पॅसिफिकमधल्या एका सोनार फोटोवरून अमीलिया एअरहार्ट या बेपत्ता झालेल्या अमेरिकन वैमानिक बाईचं विमान सापडलं अशी जगभर बोंब झाली, आपल्या सगळ्या चॅनेलनी चालवलं, फोटोत दोन पंख आणि शेपूट असल्यासारखं दिसतही होतं. नोव्हेंबरमध्ये परत जाऊन कॅमेरा लावला तर तो खडक निघाला. किती जणांनी ती दुसरी बातमी छापली? त्याच जानेवारीत आपल्याकडे उलट उदाहरण झालं. हवाई दलाचं एएन-32, 22 जुलै 2016 ला चेन्नईहून पोर्ट ब्लेअरला जाताना 29 जणांसकट बेपत्ता झालेलं, त्याचे अवशेष चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेच्या स्वयंचलित पाणबुड्या यंत्राने बंगालच्या उपसागरात सुमारे 3400 मीटर खोलीवर टिपले. तिथे नुसतं सोनारवर थांबले नाहीत, फोटो घेतले, ते एएन-32 च्या रचनेशी ताडून बघितले, आणि त्या भागात दुसरं कुठलंही विमान हरवल्याची नोंद नाही हेही तपासलं, मग बोलले. याला म्हणतात काम. शिवाय मॅग्नेटोमीटर म्हणून जे यंत्र बोटीमागे ओढतात ते लोखंड शोधतं, विमान बहुतेक ॲल्युमिनियमचं, त्यामुळे जहाज जसं खणखणीत दाखवतं तसं विमान दाखवत नाही, इंजिनं आणि गन असतील तेवढाच हलका सिग्नल.

मुंबईकडे येतो. आपल्या समुद्रात डायव्हरला स्वतःचा हात दिसत नाही इतका गाळ, तारकर्लीसारखं स्वच्छ पाणी इथे नाही. इथे तळाची माहिती असेल तर ती ट्रॉलरवाल्यांना आणि डोळ जाळी लावणाऱ्यांना. वेसाव्याचे माझ्या ओळखीचे एक नाखवा आहेत, त्यांच्या जीपीएसमध्ये जाळं अडकतं त्या जागांचे पॉइंट सेव्ह केलेले आहेत, तिथून ते वळसा घालून जातात. त्यांनीच सांगितलं, एकदा जाळ्यात लांब वाकडा पांढऱ्या धातूचा पत्रा आला, कडेला ओळीने भोकं, धक्क्यावर पडून होता, मग भंगारात वजनावर गेला. तो विमानाचाच असं मी म्हणत नाही, बोटीचा असेल, कंटेनरचा असेल, तेलविहिरीच्या कामातला असेल. आणि विमानाचा असला तरी युद्धातलाच कशावरून? वांद्र्यासमोर 1 जानेवारी 1978 ला एअर इंडियाचं 747, सम्राट अशोक, पडलं आणि 213 माणसं गेली, माझ्या पिढीतला कोण विसरेल? त्या बाजूला मिळालेला पत्रा आधी तिकडचा समजायला हवा.

गोदीतलं उदाहरण तर अजून मजेशीर आहे. 14 एप्रिल 1944 ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन बोटीचा स्फोट झाला हे सगळ्यांना माहीत आहे, सोन्याच्या विटांच्या गोष्टी पण माहीत आहेत. पण ती बर्कनहेडहून निघाली तेव्हा दारूगोळ्याबरोबर तिच्या मालात स्पिटफायर विमानंही होती. वाटेत ती कराचीला थांबली, तिथे काय उतरलं आणि काय पुढे आलं ते मालाच्या यादीवरून बघायला हवं. आता समजा उद्या ड्रेजिंगमध्ये गोदीच्या गाळातून सीबीएएफचा शिक्का असलेला तुकडा आला, तर कोणीतरी "मुंबई बंदरात लढाऊ विमान कोसळलं होतं" असं छापून मोकळा होणार, आणि तो तुकडा पेटीतून कधी बाहेरही न निघालेल्या विमानाचा असू शकतो. नंबर जुळवल्याशिवाय तोंड उघडू नये ते यासाठी.

कायद्याचं म्हणाल तर आपल्याकडे 1972 च्या पुरावस्तू कायद्यात साधारण 100 वर्षं जुनी झाल्याशिवाय वस्तू पुरावस्तू होत नाही, युनेस्कोच्या 2001 च्या पाण्याखालच्या वारशाच्या करारातही 100 वर्षंच. म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं विमान 2039 च्या आत त्यात बसतच नाही. ब्रिटनने 1986 मध्येच कायदा करून पडलेल्या सगळ्या लष्करी विमानांना संरक्षण दिलं, अमेरिका 2004 च्या कायद्याने म्हणते की आमचं लष्करी विमान जगात कुठेही बुडालं तरी ते आमच्या सरकारचंच. आणि आपल्याकडे ते दारूखान्याच्या भंगार बाजारात किलोवर. मला वाटतं या 100 वर्षांच्या अटीत युद्धातल्या विमानांसाठी सूट हवी, कारण 100 वर्षं होईपर्यंत पत्रा राहणारच नाही.

बाहेर काढा असंही मी म्हणत नाही, उलट काढूच नका. 2013 मध्ये इंग्लंडच्या गुडविन सँड्समधून जर्मन डॉर्नियर 17 वर काढलं, मीठ बाहेर यावं म्हणून त्याच्यावर महिनोन्महिने सायट्रिक ॲसिडचे फवारे मारत बसावं लागलं, तो खर्च आणि ती जागा आपल्याकडे कोण देणार. उघड्यावर वाळलं की ॲल्युमिनियमचा भुगा होतो. आणि आत माणसं असू शकतात. पापुआ न्यू गिनीच्या हान्सा बेमध्ये "हेवन कॅन वेट" नावाचं लिबरेटर मार्च 1944 मध्ये 11 जणांसकट पडलं, त्या 11 जणांपैकी एकाच्या नातेवाईकाने वर्षानुवर्षं कागद जमवले, 2017 मध्ये विमान सापडलं, 2023 मध्ये अमेरिकन नौदलाच्या डायव्हर्सनी 200 फुटांवरून अवशेष काढले आणि त्यातल्या चौघांची ओळख पटली. आपलीही माणसं अशी गेलीत, सिंगापूरच्या क्रांजी स्मारकावर थडगं नसलेल्या 24 हजारांहून जास्त जणांची नावं आहेत, त्यात भारतीय खूप.

म्हणून मागणी साधी आहे. मच्छिमार सोसायट्यांनी डिझेलच्या वहीशेजारी अजून एक वही ठेवावी, जाळ्यात धातूचं काही विचित्र आलं की तारीख, जीपीएस पॉइंट, खोली आणि मोबाइलवर तीन फोटो, एक लांबून, एक बाजूला पट्टी किंवा चप्पल ठेवून, एक नंबराचा जवळून, टॉर्च आडवा धरून. मत्स्यव्यवसाय खात्याने त्या नोंदी वर पाठवायची सोय करावी, पुरातत्त्व खात्याची पाण्याखालची शाखा 2001 पासून आहे, गोव्यात एनआयओ ही समुद्रविज्ञान संस्था आहे, त्यांच्यापर्यंत काहीतरी पोचू द्या. आणि नोंद देणाऱ्या नाखव्याची बोट चौकशीच्या नावाखाली अडकवून ठेवायची नाही हे लेखी द्या, नाहीतर कोणीही सांगणार नाही, फाटलेलं जाळं तो स्वतः शिवतो आणि वर दिवसाची मच्छीही जाते.

तुमच्या पेपरने ही फोटो काढायची पद्धत एका चौकटीत छापली तर फार बरं होईल, मोठं काही नको. आम्ही कालिना-पार्ल्याकडचे काही रिटायर्ड एअरक्राफ्टवाले आहोत, फोटो तुमच्याकडे आले तर फुकट बघून देऊ, विमान कोणतं ते सांगता नाही आलं तरी तुकडा विमानाचा आहे की नाही एवढं नक्की सांगू. फक्त लांबट, शेपटीला पंख असलेलं किंवा गोळ्यांची माळ असलेलं काही आलं तर फोटोबिटो काढत बसायचं नाही, हात लावायचा नाही, लांब व्हायचं आणि 112 ला फोन करायचा, 80 वर्षं पाण्यात राहिलेला बॉम्ब निकामी झालेला असतो असं अजिबात नाही.

आपला,
एक निवृत्त एअरक्राफ्ट टेक्निशियन
कालिना, सांताक्रूझ पूर्व